दहापैकी चार का?

पिणाऱ्याच्या घरातला संवाद बहुतेक वेळा पाठ झालेला असतो. बायको म्हणते, पोरांच्या फीचे पैसे गेले. तो म्हणतो, माझ्याच कमाईचे होते. मोठा भाऊ म्हणतो, लिव्हर खलास होईल. तो म्हणतो, शेजारचे आबा रोज घ्यायचे, ऐंशी वर्षं जगले. आई रडते, देवापुढे नेते, हात ठेवायला लावते. तो शपथ घेतो. चार दिवस घर शांत असतं. पाचव्या दिवशी तो उशिरा येतो, कुणाकडे न बघता मोरीत जाऊन खळखळून चुळा भरतो, आणि सगळ्यांना कळायचं ते कळतं. मग तोच संवाद पुन्हा, पहिल्या वाक्यापासून.

या संवादातली एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. दारू वाईट का, हे सांगायचं काम घरच्यांनी आपसांत वाटून घेतलेलं असतं. त्याच्या वाट्याला उरते ती एकच बाजू, दारूची. मग रोज अर्धा तास तो तिची वकिली करतो, नवे मुद्दे शोधतो, जुन्यांना धार लावतो. आणि हे सगळं त्याच्या स्वतःच्या कानांवर पडत असतं. लोकांचं सांगणं माणूस एका कानाने ऐकतो. स्वतःचं बोलणं मात्र त्याला पटत जातं.

व्यसनाच्या समुपदेशनात गेल्या चाळीसेक वर्षांत जो बदल झाला, त्यातला मोठा भाग एवढ्याशा निरीक्षणातून निघाला आहे. सोडण्याची कारणं आपण सांगायची नाहीत, ती त्याच्या तोंडून यायला हवीत. सांगायला सोपं आहे. करायला किती अवघड, ते पुढे दिसेलच.

त्याआधी काय चालायचं हे थोडं पाहू, कारण ते आजही पुरतं संपलेलं नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या उपचारकेंद्रांत एक समजूत घट्ट बसली होती. व्यसनी माणूस इतरांशी खोटं बोलतो, स्वतःशीही बोलतो, आणि हे खोटं फोडल्याशिवाय उपचाराला सुरुवातच होत नाही, अशी ती समजूत. मग ते फोडायचं कसं? त्याला गटात मधोमध बसवायचं, सगळ्यांनी तुटून पडायचं, लाज काढायची, कोसळेपर्यंत सोडायचं नाही. चार्ल्स डेडरिच यांनी 1958 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या सिनॅनॉन या संस्थेत या प्रकाराला ‘गेम’ असं साळसूद नाव होतं. सिनॅनॉनचा पुढे चक्क पंथ झाला. तिच्याविरुद्ध दावा जिंकलेल्या एका वकिलाच्या टपालपेटीत 1978 साली तिच्या माणसांनी रॅटलस्नेक सोडला, तोही शेपटीचा खुळखुळा आधीच कापून. वकील वाचला, संस्था यथावकाश बुडाली. पण तिची आरडाओरड्याची पद्धत तोवर कितीतरी केंद्रांनी उचलली होती. आपल्याकडेही घरच्यांच्या एका फोनवर गाडी पाठवून माणूस उचलून नेणारी, कोंडून ठेवणारी, प्रसंगी हात उचलणारी केंद्रं अधूनमधून बातम्यांत येतात. त्यांचंही म्हणणं तेच असतं: याला मोडल्याशिवाय हा सुधारणार नाही. (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसला मात्र या माळेत ओवू नये. 1935 साली सुरू झालेल्या त्या चळवळीत माणूस उठून स्वतःची कहाणी सांगतो, दुसऱ्याची उणीदुणी काढत नाही.)

या समजुतीला पहिला मोठा धक्का बसला तो काहीसा अनपेक्षितपणे. विल्यम मिलर हे न्यू मेक्सिको विद्यापीठातले तरुण मानसशास्त्रज्ञ. जास्त पिणाऱ्या लोकांवर वर्तनोपचाराचा काय परिणाम होतो, हे ते तपासत होते. तुलनेसाठी त्यांनी काही जणांना समुपदेशक न देता नुसतं एक मार्गदर्शक पुस्तक वाचायला दिलं. पुस्तकवाल्यांची प्रगती साधारण समुपदेशन घेतलेल्यांइतकीच निघाली. संशोधकाने कपाळाला हात लावावा असाच निकाल. पण मिलर यांच्याकडे आणखी एक नोंद होती. नऊ समुपदेशकांपैकी समोरच्याचं मन कोण किती जाणून घेतो, याची पर्यवेक्षकांनी क्रमवारी लावलेली होती. ती क्रमवारी आणि सहा महिन्यांनंतरचं त्यांच्या पेशंटचं पिणं यांचा मेळ विलक्षण बसला. जाणून घेणाऱ्यांचे पेशंट सुधारले. यादीच्या तळाशी असलेल्यांच्या पेशंटपेक्षा तर पुस्तक घेऊन घरी गेलेले बरे, अशी स्थिती होती. उपचार सगळ्यांनी एकच दिला होता, ऐकण्याची तऱ्हा तेवढी निराळी होती. हा अभ्यास 1980 साली प्रसिद्ध झाला.

दोन वर्षांनी मिलर नॉर्वेत गेले. बर्गन शहराजवळच्या येल्लेस्ताद क्लिनिकमध्ये तरुण मानसशास्त्रज्ञांचा एक गट त्यांच्यासोबत नियमित बसत असे. ही मंडळी व्याख्यान ऐकून वह्या मिटणारी नव्हती. ते स्वतः आपल्या सर्वांत अवघड पेशंटची भूमिका घेत आणि म्हणत, करून दाखवा. मिलर बोलू लागले की मध्येच थांबवत. आत्ता हाच प्रश्न का विचारलात? त्याने चार गोष्टी सांगितल्या, त्यातली ही एकच का उचललीत? इथं तुम्ही गप्प का राहिलात? उत्तरं देता देता मिलर यांना कळलं की आपण काही नियम पाळतो आहोत, आणि ते आजवर आपल्यालाच ठाऊक नव्हते. पेशंटला बदलाच्या बाजूने बोलायला लावायचं आणि विरोध दिसला की रेटायचं नाही, हे त्यातलं मुख्य. त्यांनी ते लिहून काढलं. 1983 मध्ये तो लेख छापून आला आणि ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ हे नाव रूढ झालं. आपल्याकडचे समुपदेशक नुसतं ‘एमआय’ म्हणतात. पुढे 1989 साली ऑस्ट्रेलियात त्यांची गाठ स्टीफन रोलनिक यांच्याशी पडली. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे आणि वेल्समध्ये काम करणारे रोलनिक तोवर हा लेख वाचून ही पद्धत इतरांना शिकवूही लागले होते. दोघांनी मिळून 1991 साली पुस्तक लिहिलं. या क्षेत्राचा पाठ्यग्रंथ आजही तोच आहे.

हे सारं प्रत्यक्षात कसं घडतं ते पाहू. पुढचा प्रसंग रचलेला आहे, पण व्यसनमुक्ती केंद्रात बसणाऱ्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. एमआयडीसीतल्या कारखान्यात काम करणारा वेल्डर, वय अडतीस. बायको त्याला घेऊन आली आहे आणि बाहेर बाकावर बसली आहे. आत पहिल्या तऱ्हेने बोलणं असं होईल:

“तुम्हाला इथं का आणलंय, माहीत आहे ना?”

“ते बायकोला विचारा.”

“रोज किती घेता?”

“लिमिटमध्ये.”

“रोजची एक क्वार्टर म्हणजे लिमिट?”

“मॅडम, आमच्या शॉपमध्ये न घेणारा एक माणूस दाखवा.”

“दुसऱ्यांचं सोडा हो. मुलांचा विचार केलाय कधी?”

“मुलांना काय कमी केलंय मी? विचारा जाऊन.”

पाच मिनिटांत समुपदेशक फिर्यादी झाली आणि तो आरोपी. ती एक शब्दही खोटं बोललेली नाही, हे लक्षात घ्या. आता तोच माणूस, तेच टेबल:

“बायकोने आणलं. तुमच्या मनात यायचं नव्हतं.”

“नव्हतंच. उगाच आजचा खाडा झाला.”

“आणि खाडा करणं तुम्हाला आवडत नाही.”

“मी करतच नाही. अकरा वर्षं झाली कंपनीत, विचारा कुणालाही. यंदाच जरा झालेत.”

“इतकी वर्षं चोख काम. यंदा काहीतरी वेगळं झालं.”

“सोमवारी जमत नाही हो. रविवारची जरा जास्त होते. आणि आमच्या कामाला हात स्थिर लागतो.”

“हात.”

“सकाळी थरथरतात थोडे. एकदा सुपरवायझरने बघितलं. मॅडम, माझं वेल्डिंग बघायला नवी पोरं येऊन उभी राहतात, खोटं नाही सांगत.”

“ज्या हातांचं नाव आहे, तेच हात आता सकाळी साथ देत नाहीत.”

“तेच तर ना.”

या दुसऱ्या संवादात मॅडमनी एकही प्रश्न विचारलेला नाही. तो बोलला ते, किंवा त्यामागे जे असावं असं वाटलं ते, त्यांनी साध्या विधानात परत त्याच्यापुढे ठेवलं. एमआयची खरी कारागिरी यात आहे. प्रश्न विचारला की माणूस सावध होतो, उत्तर बेतून देतो. विधान ठेवलं की तो दुरुस्त करतो, पुढे नेतो, आणि नेता नेता आत शिरतो. शिकवताना सांगतात की एका प्रश्नामागे निदान दोन अशी विधानं असावीत. नवख्यांचं प्रमाण बरोबर उलटं असतं. आणखी एक बघा. “रविवारची जरा जास्त होते” ही आयती कबुली होती. घरी कुणी असतं तर ती झेलून त्याच्याच तोंडावर मारली असती. मॅडमनी ती जाऊ दिली आणि हातांवर थांबल्या, कारण त्याचा अभिमान तिथे होता. पिण्याची लाज त्याला पुष्कळ लोकांनी वाटायला लावली होती, तिचा उपयोग झालेला नव्हता.

त्याच्या बोलण्यात दोन आवाज आहेत, हे एव्हाना दिसलं असेल. एकाला प्यायचं आहे, दुसऱ्याला हात स्थिर हवे आहेत. दोन्ही खरे आहेत. आपण याला ढोंग म्हणतो, मिलर-रोलनिक द्विधा मनःस्थिती म्हणतात, आणि बदलाच्या वाटेवर ती अगदी स्वाभाविक मानतात. अशा माणसाला पाहून आपल्या हाताला खाज सुटते. चुकतोय तर सुधारावं, खड्डा दिसतोय तर ओढावं. डॉक्टर, शिक्षक, आईबाप यांच्यात ही खाज फार. पण द्विधा माणसाला एका बाजूने ढकललं की तोल सावरायला तो दुसऱ्या बाजूला कलतो. मिलर आणि सहकाऱ्यांनी 1993 साली मोठी बोचरी गोष्ट दाखवून दिली: पहिल्या भेटीत समुपदेशकाने पेशंटला जितकं जास्त फटकारलं, तितकी वर्षभरानंतर त्या पेशंटची दारू जास्त निघाली.

म्हणजे गोड गोड बोलायचं आणि माना डोलवायच्या का? तसंही नाही. समुपदेशकाचा कान एका विशिष्ट बोलण्याकडे लागलेला असतो. “सोडायला पाहिजे खरं”, “मागे श्रावणात महिनाभर बंद होती”, “पोरगी आता जवळ येत नाही” अशी वाक्यं आली की तो तिथे थांबतो, आणखी विचारतो, ती वाढू देतो. “पण पार्टीत न घेऊन कसं चालेल” आलं की वाद न घालता ऐकून पुढे सरकतो. शेवटी सगळ्याचा सारांश सांगताना आधी पिण्याच्या बाजूचं सांगतो आणि मग सोडण्याच्या बाजूचं, कारण समोरचा शेवटी ऐकलेलं धरून पुढे बोलतो. यात वळण देणं आहेच, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मिलर-रोलनिक बजावतात की हे पेशंटच्या भल्यासाठीच वापरायचं, त्याला नको ते गळी उतरवायला नाही. हे बजावावं लागतं यातच काय ते आलं.

या बोलण्यातही प्रती असतात, आणि त्या ओळखायला मराठी माणसाला शिकवावं लागू नये. “बघू” म्हणजे काही नाही. “प्रयत्न करतो” म्हणजे बहुधा समोरच्याला गप्प करणं. “सोमवारपासून बंद” यात जोर आहे, पण सोमवार कोणता ते नाही. “उद्या नऊ वाजता डॉक्टरांकडे येतो, सुट्टी टाकली आहे” हे वेगळंच बोलणं. भाषेचे अभ्यासक पॉल ॲमराईन यांनी 2003 मध्ये अमली पदार्थांच्या व्यसनींच्या अशा मुलाखती तपासल्या. बांधिलकीचं बोलणं किती वेळा आलं यापेक्षा त्याचा जोर मुलाखतीच्या शेवटाकडे वाढत गेला का, यावरून पुढचा अंदाज चांगला बांधता येतो, असं त्यांना आढळलं.

या पद्धतीतलं सर्वांत हाताशी येणारं साधन म्हणजे पट्टी. “दारू सोडणं तुमच्यासाठी किती महत्त्वाचं आहे? शून्य ते दहामध्ये सांगा.” वेल्डर म्हणतो, “चार.” इथं बहुतेकांच्या तोंडून निघून जातं, “फक्त चार?” झालं. आता तो चारच का, जास्त का नाही, याची कारणं देणार. म्हणजे पुन्हा दारूची वकिली. विचारायचं ते असं: “चार का? शून्य का नाही?” प्रश्न उलटा झाला की उत्तरही उलटं येतं. शून्य का नाही हे सांगताना त्याला हात आठवतात, मुलगी आठवते, सुपरवायझरची नजर आठवते. या एका प्रश्नासाठी ही पद्धत शिकावी असं माझं मत आहे.

पट्टीचा दुसरा प्रश्न लोक विसरतात: “समजा ठरवलंत, तर जमेल असं किती वाटतं?” महत्त्व नऊ आणि भरवसा दोन, अशी माणसं डझनांनी भेटतात. त्यांना सगळं कळतं, पाच वेळा सोडून झालेलं असतं, आता आपल्याच्याने होणार नाही हे त्यांनी मनोमन स्वीकारलेलं असतं. अशा माणसाला लिव्हरची चित्रं दाखवणं हा निव्वळ छळ आहे. महत्त्व त्याला आधीच पटलेलं आहे, कमी आहे तो भरवसा. त्याच्याशी श्रावणातल्या त्या महिन्याबद्दल बोलावं. तेव्हा संध्याकाळी कुठे जायचात? झोप कशी लागायची? कोण सोबत होतं? तो महिना कुणी येऊन ढकलून दिलेला नव्हता, त्यानेच काढला होता.

मिलर आपली पद्धत घडवत होते साधारण त्याच काळात, पण वेगळ्या वाटेने, जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटे हे दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करत होते. उपचार न घेता आपापलं सोडू पाहणारे लोक नेमकं काय करतात, हा त्यांचा प्रश्न. 872 जणांच्या पाहणीवरचा त्यांचा लेख 1983 मध्ये, म्हणजे मिलर यांच्या लेखाच्याच वर्षी आला. माणूस एका रात्रीत बदलत नाही, टप्प्याटप्प्याने सरकतो, आणि टप्प्यागणिक त्याची गरज वेगळी असते, असं त्यांचं प्रतिपादन. पहिल्या टप्प्यावर मुळात प्रश्नच दिसत नाही: “मला कुठे व्यसन आहे?” दुसऱ्यावर दिसतो, पण मन दोन्हीकडे असतं, आणि इथे माणूस वर्षानुवर्षं अडकून राहू शकतो. तिसऱ्यावर तयारी असते, महिन्याभरात काही करायचं असं ठरत असतं. चौथ्यावर प्रत्यक्ष कृती. सहा महिने निभावल्यानंतर पाचवा टप्पा, टिकवण्याचा.

पाच खोल्या ओळीने ओलांडून माणूस दाराबाहेर पडतो, असा याचा अर्थ नाही. बहुतेक जण मागे घसरतात. सिगारेट सोडणारे या चक्रातून सरासरी तीन-चार वेळा फिरतात तेव्हा कुठे स्थिरावतात, असा त्यांचा हिशेब होता. व्यसनमुक्तीच्या गटांत घसरण्याला ‘स्लिप’ म्हणतात, पुरतं मूळपदावर जाण्याला ‘रिलॅप्स’. स्लिप झाली म्हणजे सगळं पाण्यात गेलं असं मानणं हाच स्लिपचा रिलॅप्स करण्याचा राजमार्ग. आपल्या शपथेची अडचण नेमकी इथे आहे. देवापुढची किंवा आईच्या गळ्याची शपथ एकदा मोडली की मोडली, तिच्यात घसरून उठायला जागा नाही. गळ्यात तुळशीची माळ घालून कायमची सोडलेली माणसं गावोगाव आहेत, हेही तितकंच खरं. पण त्यांचं नीट ऐकलं तर दिसतं की माळ ही शेवटची पायरी होती. त्याआधी दोन-तीन वर्षं मन बनत होतं, आणि माळेबरोबर भजनाची मंडळी, वारी, संध्याकाळची वेगळी जागाही आली. नुसत्या शपथेबरोबर यातलं काहीच येत नाही.

आपल्याकडच्या घरांचा सर्वांत मोठा घोळ टप्प्यांच्या भाषेत पटकन सांगता येतो. माणूस पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यावर असतो, घरचे केव्हाचे चौथ्यावर पोहोचलेले असतात. ते त्याला थेट ॲडमिट करतात. महिनाभर दारू मिळत नाही म्हणून बंद राहते, याला कृती म्हणायचं की अडवणूक? घरी आल्यावर आठवड्यात सुरू झाली की म्हणायचं, उपचार करून पाहिले, उपयोग झाला नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव याच्या उलट उदाहरण म्हणून घ्यायला हवं. अनिल अवचटांच्या गर्दच्या व्यसनावरच्या लेखनानंतर, पु. ल. देशपांड्यांच्या पाठबळाने, 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं. पेशंट हा धडा शिकवायचा गुन्हेगार नसून आधी माणूस आहे, या पायावर ते उभं राहिलं. बर्गनमधल्या लेखाला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती.

टप्प्यांच्या सिद्धांताची लोकप्रियता अफाट आहे. नर्सिंगच्या अभ्यासक्रमापासून वजन घटवण्याच्या वर्गांपर्यंत सगळीकडे ते चक्र फळ्यावर काढलेलं दिसतं. पण त्याच्यावर झालेली टीकाही खरी आहे. सहा महिने, एक महिना या रेघा कशावरून आखल्या? काल विचारही नसलेला माणूस आज छातीत कळ आली म्हणून पाकीट फेकून देतो आणि पुन्हा हात लावत नाही, त्याचं काय? लंडनचे तंबाखूतज्ज्ञ रॉबर्ट वेस्ट यांनी 2005 मध्ये हा सिद्धांत आता निरोप देऊन बाजूला ठेवावा, असं स्पष्ट लिहिलं. टप्पे ओळखून केलेलं समुपदेशन आणि टप्प्यांचा विचार न करता केलेलं तितकंच समुपदेशन यांत धूम्रपान सोडवण्याच्या बाबतीत फरक दिसत नाही, असं 2010 सालच्या कोक्रेन आढाव्यात निघालं. मिलर-रोलनिक यांनीही 2009 मध्ये, एमआय म्हणजे काय नाही याची यादी करताना, पहिल्याच क्रमांकावर लिहिलं की टप्प्यांचा सिद्धांत म्हणजे एमआय नाही. दोन्ही एका वर्षी जन्मली, एकत्र वाढली, म्हणून लोक त्यांना जुळी समजतात. मला विचाराल तर टप्पे हे घरच्यांना धीर देण्यासाठी उत्तम आणि पेशंटवर चिकटवण्याचं लेबल म्हणून वाईट. “हा अजून पहिल्या टप्प्यावर आहे” असं म्हणून त्याच्याशी बोलायचंच थांबवणारे समुपदेशकही असतात.

एमआयचा तरी पुरावा किती पक्का आहे? बऱ्यापैकी, पण जादू नाही. दारूच्या उपचारांची मोठी तुलना अमेरिकेत ‘प्रोजेक्ट मॅच’ नावाने झाली, तिचे निष्कर्ष 1997 मध्ये आले. 1,726 लोक, तीन उपचार. त्यांपैकी दोन बारा-बारा सत्रांचे, तिसरा एमआयवर बेतलेला आणि फक्त चार सत्रांचा. तिन्हींचे निकाल जवळपास सारखे आले. चार सत्रांत बारांचं काम, ही समर्थकांची बाजू. शेवटी सगळे सारखेच, ही टीकाकारांची. 2011 सालच्या एका आढाव्यात 59 अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा काहीच न करण्यापेक्षा एमआय सरस ठरलं, मात्र दुसऱ्या उपचारांच्या पुढे गेलं नाही. शिवाय ते करणाऱ्यावर फार अवलंबून असतं. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून माणूस ऐकायला शिकत नाही. स्वतःची मुलाखत रेकॉर्ड करून जाणकाराला ऐकवावी लागते, आणि आपण किती बडबडतो ते कळल्यावर पुष्कळांना घाम फुटतो.

आपल्या शेजारचा पुरावा गोव्यातून आला. तिथल्या ‘संगथ’ या संस्थेशी संबंधित संशोधकांनी, अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी, प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या पुरुषांची एका साध्या प्रश्नावलीने चाचणी केली. ज्यांचं पिणं घातक पातळीवर गेलं होतं, पण ज्यांना दारूशिवाय चालतच नाही अशी अवस्था अजून आली नव्हती, असे 377 जण निवडले. त्यांच्यातल्या निम्म्यांशी बोलायला कुणी मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. मानसिक आरोग्याचं कुठलंही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना एमआयच्या धाटणीचं समुपदेशन शिकवण्यात आलं होतं. जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनी, नेहमीची सेवा मिळालेल्या गटात 26 टक्के लोक धोक्याच्या पातळीखाली आले होते, समुपदेशनाच्या गटात 36 टक्के. गेले दोन आठवडे थेंबही घेतला नाही असे पहिल्या गटात 18 टक्के, दुसऱ्यात 42. जे पीत राहिले त्यांच्या रोजच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. केंद्र सरकारच्या 2019 च्या पाहणीनुसार देशात दारू पिणारे सुमारे 16 कोटी आहेत. त्यांना पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ उद्या आकाशातून पडणार नाहीत. गोव्याच्या प्रयोगाचं मोल म्हणूनच मोठं आहे.

आता बाहेर बाकावर बसलेल्या त्या बायकोकडे वळू. पुस्तकं पेशंटवर लिहिली जातात आणि ती बाकावरच राहते. तिने काय करावं? मिलर, रॉबर्ट मेयर्स आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये उपचार नाकारणाऱ्या दारुड्यांच्या 130 नातेवाइकांवर तीन मार्ग तपासले. एका गटाने सर्वांनी मिळून त्याला एकदा समोर बसवून खडसावण्याची तयारी केली. दुसऱ्या गटाला, तो तुमच्या हातात नाही, स्वतःला सांभाळा, असं शिकवलं. तिसऱ्या गटाला रोजच्या वागण्याचं प्रशिक्षण दिलं: तो शुद्धीत असेल तेव्हा गप्पा, आवडीचं जेवण, सोबत फिरणं, पिऊन आला की भांडण नाही आणि आवराआवरही नाही. त्याची उलटी पुसायची नाही, कंपनीत खोटा फोन करायचा नाही. स्वतःच्या सुरक्षिततेशी मात्र तडजोड नाही. आणि त्याच्या तोंडून “कंटाळा आलाय याचा” असं कधी निघालं तर त्याच क्षणी, उपदेश न करता, येशील का एकदा माझ्याबरोबर, एवढं विचारायचं. खडसावणाऱ्या गटातले 30 टक्के लोक आपल्या माणसाला उपचारापर्यंत आणू शकले. त्यांतल्या बऱ्याच घरांचं तर खडसावायचं धाडसच झालं नाही. दुसऱ्या गटात 13 टक्के. तिसऱ्यात 64.

एक सूचना, आणि ती संवादकौशल्यापेक्षा महत्त्वाची आहे. वेल्डरचे हात सकाळी थरथरत होते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला दारू उतरताना असा कंप सुटतो, घाम येतो, झोप उडते; काहींना फिट येते, काहींना भास होऊ लागतात. अशा माणसाने एका झटक्यात दारू बंद करणं जिवावर बेतू शकतं. तेव्हा घरात कुणी “आजपासून बंद” म्हणाला आणि त्याचे हात कापत असतील, तर कौतुक करत बसू नका, शपथ घ्यायला लावू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सुरुवातीचे काही दिवस औषधांच्या आधाराने काढता येतात. कुठे जायचं हे सुचत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेलि-मानसचा 14416, हे दोन्ही शासकीय हेल्पलाइन क्रमांक विनाशुल्क आहेत. तिथे घरच्यांनीही फोन करावा. पेशंटने तयार व्हायची वाट पाहायला हवी असं नाही.